जिन्याखालचा फळा

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांशेजारी एक काळा फळा आहे. गेली सहा वर्षं तो मी लिहिते. महापालिकेची सूचना आली की ती नीट समजून घ्यायची आणि आमच्या चोवीस घरांना कळेल अशा शब्दांत खडूने उतरवायची. या कामात मला आपल्या शहराचा कारभार जेवढा कळला, तेवढा आधीच्या तीस वर्षांत कर भरून कळला नव्हता.

सगळ्यात जास्त सूचना पाण्याच्या. त्या साधारण अशा असतात: "मुख्य जलवाहिनीच्या देखभाल-दुरुस्तीविषयक तातडीच्या कामांमुळे गुरुवार रोजी खालील भागांचा पाणीपुरवठा बंद राहील. शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. नागरिकांनी सहकार्य करावे." खाली भागांची भलीमोठी यादी. भाषा मराठीच आहे. स्थानिक संस्थांनी मराठीतच कामकाज करावं म्हणून राज्याने २०२२ मध्ये स्वतंत्र कायदाही केला. तरी तळमजल्यावरच्या आजी ही सूचना दोनदा वाचतात आणि मला विचारतात, "म्हणजे भरून कधी ठेवायचं गं?"

आजींचा प्रश्न अगदी बरोबर आहे. नळाखाली बादली लावणाऱ्या माणसाला जे हवं, नेमकं तेच त्या सूचनेत नसतं. म्हणून मी फळ्यावर लिहिते: "बुधवारी रात्रीच पाणी भरा. गुरुवारी दिवसभर पाणी नाही. शुक्रवारी नळ आला तरी धार बारीक असेल, वरची टाकी भरेपर्यंत दुपार होईल. कपडे शनिवारी."

शुक्रवारचं गणित मला आमच्या भागातल्या चावीवाल्या दादांनी समजावलं. छातीएवढी उंच लोखंडी चावी सायकलला बांधून ते येतात, रस्त्यातलं झाकण उचलतात आणि वाकून व्हॉल्व्ह फिरवतात. एकदा मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, दुरुस्ती गुरुवारीच संपते, मग शुक्रवारी त्रास का? ते म्हणाले, "ताई, पाइप रिकामे झालेले असतात, आत हवा भरलेली असते. पाणी आधी सखल भागात उतरतं. तुम्ही चढावर, त्यातून लाइनीच्या टोकाला. तुमचा दाब सगळ्यात शेवटी चढणार." आणि पहिलं पाणी गढूळ आलं तर ते फरशी पुसायला वापरा, पिण्याचं नंतर भरा, हेही त्यांनीच सांगितलं. आमच्या भागाला महापालिकेच्या कोणत्या टाकीतून पाणी येतं तेही त्याच दिवशी कळलं. सूचनेतली यादी टाकीप्रमाणे आणि सर्व्हे नंबरप्रमाणे असते. आम्ही आमचा पत्ता सांगतो तो रिक्षा स्टँडच्या खुणेने. आपली टाकी माहीत नसेल तर ती यादी आपल्यासाठी कोरीच.

एक चूक माझ्या हातून झाली ती सांगायलाच हवी. एकदा व्हॉट्सॲपवर पाणी बंदची सूचना आली. वार होता, तारीख होती, साल नव्हतं. मी ती तशीच फळ्यावर घेतली. सगळ्यांनी रात्री जागून पिंपं भरली आणि सकाळी पाणी नेहमीसारखं आलं. सूचना आदल्या वर्षीची होती. चिडलं कुणी नाही, पण महिन्याभराने खरोखरच पाणी बंद होतं तेव्हा निम्म्या घरांनी फळ्यावर विश्वास ठेवला नाही. तिसऱ्या मजल्यावरची सून त्याच आठवड्यात बाळंत होऊन घरी आली होती. त्या घरात दुपारी थेंब नव्हता. मी आणि वॉचमनकाकांनी आमच्या घरातल्या कळश्या वर पोचवल्या. तिच्या सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. तेव्हापासून सूचना कुठून आली, कोणत्या तारखेला निघाली आणि साल, या तीन गोष्टी लिहिल्याशिवाय मी फळ्यावर काहीही लिहीत नाही. सूचना महापालिकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सापडली नाही तर क्षेत्रीय कार्यालयात फोन करून विचारते. फोन लागेपर्यंत करत राहते.

त्याच बाळाच्या जन्मदाखल्यामुळे माझी दुसरी शाळा झाली. घरच्यांना वाटत होतं, बारसं होऊन नाव ठरल्याशिवाय नोंदच होत नाही. तसं नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. रुग्णालयातल्या जन्माची माहिती कळवण्याची जबाबदारी रुग्णालयावरच असते, आणि नाव नसलं तरी नोंद होते. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर शुल्क भरून पंधराव्या वर्षापर्यंत. हे मी फळ्यावर ठळक लिहिलं, कारण १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे.

नोंद झालेली होती, पण दाखला काही हातात येईना. बाळाचे वडील अर्धी रजा टाकून तीनदा महापालिकेच्या दाखले देणाऱ्या केंद्रावर गेले. तिन्ही वेळा "पुढच्या आठवड्यात या." चौथ्या वेळी मी बरोबर गेले. खिडकीच्या वर, जवळजवळ छताला टेकलेला एक फलक होता आणि त्याच्या निम्म्या भागावर कॅलेंडर टांगलेलं. मी वॉचमनच्या खुर्चीवर चढून ते कॅलेंडर बाजूला केलं. फलकावर सेवांची यादी, प्रत्येक सेवेला किती दिवस, पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला अधिकारी कोण, पहिलं अपील कुणाकडे, सगळं लिहिलेलं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा तो फलक. तीन फेऱ्यांत आमच्याकडे अर्जाची पोचच नव्हती. पोच नाही म्हणजे मुदत कधी सुरू झाली याचा पुरावा नाही. मी खिडकीतल्या बाईंना एवढंच म्हटलं, "मुदतीचं राहू द्या, आधी अर्ज क्रमांक असलेली पोच द्या." त्यांनी दिली. दाखला फलकावरच्या मुदतीत आला.

या कायद्यात मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाता येतं. सबळ कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. आम्हाला यातलं काहीच करावं लागलं नाही. तेव्हापासून फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात तेलरंगाने, पुसता येणार नाही असं लिहून घेतलंय: "पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका."

पूर्वी अशा वेळी लोक नगरसेवकाच्या घरी जायचे. २०२२ पासून राज्यातल्या कितीतरी महापालिकांत निवडून आलेलं कुणी नव्हतं, प्रशासकच कारभार बघत होते. त्या काळात आमच्या फळ्यापुढे जी गर्दी व्हायची ती मी विसरणार नाही. पथदिवा बंद, कुणाला सांगायचं? ड्रेनेज तुंबलं, कुणाला सांगायचं? १ जून १९९३ ला अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय दिले, त्यात पाणी, रस्ते, घनकचरा, पथदिवे, जन्म-मृत्यू नोंद हे सगळं येतं. तीन लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात हेही तिथेच आहे. आमच्या इमारतीत हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. मी एक रविवार खर्च करून ते १८ विषय एका कागदावर उतरवले आणि ज्याची तक्रार त्या विषयापुढे खात्याचं नाव लिहून ठेवलं. तो कागद अजून फळ्याच्या चौकटीत खोचलेला आहे, घड्यांवर फाटलाय, चिकटपट्टीने जोडलाय.

गेल्या महिन्यात मी क्षेत्रीय कार्यालयात एक पत्र दिलं. तीनच मागण्या आहेत. पाण्याच्या प्रत्येक सूचनेत साल छापा. भागांच्या यादीत टाकीच्या नावापुढे रस्त्याचं किंवा चौकाचं लोकांच्या तोंडी असलेलं नाव द्या. आणि पाणी भरून कोणत्या रात्री ठेवायचं ते पहिल्याच ओळीत सांगा. पत्र घेणाऱ्या तरुण लिपिकाने ते उभ्याउभ्या पूर्ण वाचलं, शेवटची मागणी वाचून म्हणाला, "माझी आई पण हेच विचारते." मग त्याने शिक्का मारून आवक क्रमांक दिला.

उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारी आवक क्रमांक घेऊन पुन्हा जाणार आहे, आजी पण येते म्हणाल्या. त्या दिवशीचा फळा तिसऱ्या मजल्यावरची सून लिहील. खडू तिच्याकडे दिलाय.