कुलूप नेमकं कशाला लावायचं?

खंडेराव मार्केटमधली भाजीवाली विचारते, "बेन, चोरीनी बीक नथी लागती?" पुण्याची भाची फोनवर विचारते, "मावशी, रात्री कुणी काच फोडली तर?" आणि गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीमंदिराबाहेर भेटलेल्या एका आजोबांनी तर माझ्या गळ्याकडे बघून सरळ विचारलं होतं, "हे खरं आहे का?" वर्षातले चार-पाच महिने आम्ही नवराबायको एका मारुती ईको व्हॅनमध्ये राहतो, तिथेच झोपतो, तिथेच वरणभात शिजवतो, हे कळलं की लोकांचा पहिला प्रश्न संडासाचा असतो आणि दुसरा चोरीचा. पहिल्याचं उत्तर दोन वाक्यांत संपतं. दुसऱ्याचं आज एकदा नीट देऊन टाकते.

आमची सगळ्यात मोठी चोरी प्रवासात झालीच नाही. ती बडोद्यात झाली, घरापासून दोनशे पावलांवर.

बाबाजीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून ती बाहेर रस्त्याच्या कडेला उभी असते. २०२१ चा डिसेंबर होता. पहाटे कच्छला निघायचं होतं, म्हणून रात्रीच सामान भरलं: शेगडी, पाच किलोचा सिलिंडर, गाद्या, माझा कॅमेरा, पिठाचे डबे. ह्यांनी गिअर लॉक लावलं, स्टिअरिंगला दांडा अडकवला, मागच्या दाराला साखळी घातली. पहाटे येऊन बघतो तर तिन्ही कुलपं जागच्या जागी. ह्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी अशी काही गरजली की ओटल्यावरचं कुत्रं पळालं आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी उघडून "ट्रॅक्टर घेतलात का?" असं विचारलं. खाली वाकून पाहिलं. सायलेन्सर नव्हता.

गॅरेजवाल्याला काहीच नवल वाटलं नाही. त्या काळात गुजरातेत ईकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या पेपरात येतच होत्या, आम्हीच त्या चहाबरोबर वाचून सोडून दिल्या होत्या. त्याने समजावलं ते असं: सायलेन्सरच्या नळीत धूर शुद्ध करणारा एक डबा असतो, त्यात मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असते आणि त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम ह्या धातूंचा पातळ थर असतो. चोर ती जाळी फोडून तिचा भुगा विकतात. ते त्याला नुसतं 'माटी' म्हणतात. त्या वर्षी ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहून वर गेला होता. म्हणजे माझ्या गाडीतली सगळ्यात मौल्यवान वस्तू गाडीच्या खाली, चिखलात लोंबत होती, आणि आम्ही पिठाच्या डब्यांना साखळी घालून निवांत झोपलो होतो. बिल आलं तेव्हा ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि आकडा परत वाचला.

तेव्हापासून माझं ह्या विषयावरचं मत बदललं. आपल्याला काय प्रिय आहे ते आपण राखतो. चोराला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला काय पटकन निघतं, काय सहज विकलं जातं आणि काय कुणाच्या लक्षात येणार नाही, एवढंच दिसतं. म्हणून आता निघायच्या आदल्या संध्याकाळी मी गाडीभोवती एक फेरी मारते, हात मागे बांधून, परक्या बाईसारखी. बॅटरीचं झाकण हाताने उघडतंय का? स्टेपनीचा बोल्ट साध्या पान्याने फिरतो का? काचेतून आत काही लुकलुकतंय का? हे हसतात. पण सायलेन्सरच्या बोल्टांची डोकी वेल्डिंगने बुजवून, खालून लोखंडी पट्टी मारून घेतली ती ह्या फेरीमुळेच. उद्या तो काढायची वेळ आली तर ग्राइंडर लागेल, हे गॅरेजवाल्याने बजावलंय. लागू दे.

गंमत म्हणजे मराठीत चोरापासून लपवायच्या प्रत्येक गोष्टीला आपण चोराचंच नाव देतो. चोरखिसा, चोरकप्पा, चोरदरवाजा. मेकॅनिक लोक इंजिन बंद पाडणाऱ्या छुप्या बटणालाही 'चोर स्विच' म्हणतात. आमच्या गाडीत हे बटण आहे, दोन चोरकप्पे आहेत, माझ्या परकराला चोरखिसा आहे. एवढे चोर पदरी बाळगून असतो आम्ही.

दुसरी चोरी मात्र रस्त्यावरची, आणि तिची मला जास्त लाज वाटते. एका मोठ्या शहरात सिग्नलला थांबलो होतो. मोटरसायकलवरचा एक मुलगा ह्यांच्या काचेशी आला, टायरकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, टायरमां हवा नथी." ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि उतरले. मीही उतरले. का उतरले? टायर बघायला. दोन माणसं एका टायरकडे बघत उभी, टायर ठणठणीत, आणि डाव्या बाजूचा सरकता दरवाजा उघडून माझी झोळी घेऊन दुसरा मुलगा कधीच पसार. आमच्या गाडीला सेंट्रल लॉक नव्हतं. असतं तरी आम्ही लावलं असतं असं नाही.

झोळीत पैसे नव्हते. तिच्यात होता माझा वाचायचा चष्मा, ह्यांच्या रक्तदाबाच्या महिन्याभराच्या गोळ्या, अर्धा विणलेला स्वेटर आणि एक वही. त्या पोराने पुढच्या वळणावर हे सगळं फेकून दिलं असणार. त्याच्या दृष्टीने तो कचरा होता. मी मात्र दोन दिवस एक अक्षर वाचू शकत नव्हते, आणि ह्यांच्या गोळीचं नाव दोघांनाही आठवेना. शेवटी बडोद्याच्या डॉक्टरांना फोन केला. तर आता चष्मे दोन, ते दोन ठिकाणी. गोळ्या दोन डब्यांत विभागलेल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये आणि मुलीकडेही. जे चोराला नको आणि आपलं ज्याच्यावाचून अडतं, त्याला कुलूप घालून उपयोग नाही, त्याची जोडी ठेवायची.

आणि कुणीही काहीही सांगो, टायर गेला, ऑइल गळतंय, नोट पडली, एकाने आत बसून राहायचं. गाडी तशीच हळूहळू पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत न्यायची आणि मग काय ते बघायचं. टायर खरंच बसला असेल तर थोडा खराब होईल. होऊ दे.

झोपायच्या जागेबद्दल लोकांना वाटतं की आम्ही कुठेतरी एकांतात, तळ्याकाठी वगैरे थांबत असू. एकदोनदा थांबलो, झोप लागली नाही. आता हायवेचा पंप. पण तिथेही एक रीत आहे. पेट्रोल सकाळी निघताना नाही भरायचं, संध्याकाळी पोचल्या पोचल्या भरायचं. पावती घ्यायची, मॅनेजरला विचारायचं, "रात्र काढू का?" आणि त्याने दाखवलेल्या जागीच लावायची. मग आपण त्याचे पाहुणे होतो. सामखियाळीजवळच्या एका पंपावर रात्रपाळीच्या पोराने दीड वाजता काच ठोठावली होती. माझ्या काळजाचं पाणी झालं. तो सांगायला आला होता की मागचा पडदा दारात अडकून बाहेर फडफडतोय.

ट्रक उभे असतात तिथे ट्रकच्या मधे लावावी, रांगेच्या टोकाला नाही. डिझेल चोरणारे नळी घेऊन येतात ते टोकाच्या गाडीपाशी, आणि त्यांच्या वाटेत आपण कशाला? शिवाय क्लीनर मंडळींची झोप कुत्र्याची असते. त्यांना संध्याकाळी चार ठेपले दिले की रात्रभर आपलीही राखण होते, असा माझा हिशेब आहे. हे ह्याला लाच म्हणतात.

एका अनुभवी गृहस्थांनी सुचवलं होतं की रात्री गाडीबाहेर मोठे, दणकट बूट काढून ठेवा, म्हणजे आत कुणी पहिलवान झोपलाय असं वाटेल. ह्यांचे जुने कंपनीचे बूट ठेवले. सकाळी बूट नव्हते.

आतली रचना सांगते, कारण बायका हेच विचारतात. मागची सीट पाडून तिच्यावर प्लायवूडची फळी, खाली तीन खण. सुताराकडून करून घेतलेलं हे सगळं पट्ट्यांनी बांधलेलं आहे, गाडीला कुठेही भोक पाडलेलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीची मूळ रचना परस्पर बदलता येत नाही, आणि ह्यांना आरटीओची चोरापेक्षा जास्त भीती. दाराजवळच्या खणात रोजचं सामान. त्यातच एक जुनं पाकीट, दोन-तीनशे रुपये आणि मुदत संपलेलं कार्ड घालून ठेवलेलं. कुणी घाईत हात घातलाच तर त्याच्या हाताला काहीतरी लागावं. रिकाम्या हातांचा माणूस चिडतो आणि उलथापालथ करतो. खरे कागद घरी. आरसी आणि लायसन्स फोनवर, डिजिलॉकर ह्या सरकारी ॲपमधून दाखवलेलं चालतं. सिलिंडरला साखळी. मंगळसूत्र, आजोबा वाचत असतील तर, काळ्या मण्यांचं आहे आणि मधे दोन वाट्या पितळेच्या.

विम्याबद्दल एवढंच. पूर्ण विमा असेल आणि गाडी चोरीला गेली तर भरपाई मिळते, पण आतली भांडी, कॅमेरा, कपडे त्यात सहसा धरलेले नसतात. आणि दावा करताना कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. दुसरी किल्ली गाडीतच ठेवणारे लोक मी पाहिलेत. फोन गेला तर त्याचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा असलेला ओळख क्रमांक हवा, तो आधीच कागदावर लिहून ठेवावा. पोलिसांत तक्रार देऊन संचार साथी ह्या सरकारी संकेतस्थळावरून फोन बंद पाडता येतो. आणि ही हद्द आमची नाही, पुढच्या ठाण्यात जा, असं कुणी म्हटलं तर तिथून हलायचं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे पोलिसांच्या कामकाजाच्या नव्या कायद्यातच लिहिलंय की हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची. वाटसरूला ह्याचा फार आधार आहे, कारण आपलं काही हरवलं कुठे हेच बहुतेक वेळा पन्नास किलोमीटर पुढे गेल्यावर कळतं.

सासूबाईंच्या काकांनी नर्मदा परिक्रमा पायी केली होती. शूलपाणीच्या झाडीत त्यांना 'मामा' भेटले, म्हणजे परिक्रमावासी ज्यांना मामा म्हणत ते भिल्ल. त्यांनी घोंगडी घेतली, तांब्या घेतला, पीठ घेतलं. काकांच्या कडोसरीला चांदीचे रुपये होते, त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. काका ही गोष्ट सांगताना मैयाची कृपा म्हणायचे. मला वाटतं, त्या डोंगरात चांदी घेऊन करायचं काय? थंडी होती आणि पोटात भूक होती. आता त्या झाडीचा बराच भाग सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलाय. काकांसारखं नेसत्या वस्त्रानिशी पुढे चालायला मात्र आम्ही काही तयार नाही, आमच्याकडे छोटा फ्रीज आहे.

आणि आम्ही चार महिने बाहेर असतो तेव्हा बाबाजीपुऱ्यातलं आमचं घर एका जुन्या कुलपावर बंद असतं. त्याबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही. त्यात टीव्ही आहे, पितळी भांडी आहेत, आणि वरच्या मजल्यावरच्या काकू आहेत, ही जमेची बाजू.

आता राहिला पैशांचा प्रश्न. मोठी रक्कम आम्ही नेत नाही, पण अडचणीसाठी दोन हजारांच्या पाच नोटा मी पहिल्याच वर्षी एका जागी ठेवल्या होत्या. जागा उत्तम होती. इतकी उत्तम की मी विसरले, आणि ह्यांना मी सांगितलंच नव्हतं. १९ मे २०२३ ला रिझर्व्ह बँकेने त्या नोटा मागे घेतल्या, ७ ऑक्टोबरला बँकांतली मुदत संपली, आणि मला त्या सापडल्या डिसेंबरात, गाडी धुताना. मग काय, नोटा बदलायला थेट अहमदाबादला रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत. हे गाडीजवळ राखण करत बसले, मी रांगेत.

मागे उभ्या असलेल्या बाईंनी चौकशी केली, "एटला वखत सुधी क्यां मूकी हती?" म्हणजे इतके दिवस कुठे ठेवल्या होत्या? मी नुसतं हसले. ती जागा अजून वापरात आहे.