हिवाळी सजावट म्हणजे निम्मं वाळवण

हिवाळ्याच्या सुट्टीची घरगुती सजावट सोपी असते हे खरं, पण सोपं असतं ते करणं. वाळवणं सोपं नसतं. मऊ पडलेल्या चांदण्या, काळ्या पडलेल्या संत्र्याच्या चकत्या, बुरशी धरलेली माळ, या सगळ्यामागे ओलावाच असतो, नाहीतर तो घालवायची घाई. म्हणून मी कामाची सुरुवातच ओव्हनपासून करते आणि कागदाचं काम ओव्हन चालू असतानाच्या रिकाम्या वेळात उरकते.

चांदण्या मी मीठ घालून मळलेल्या मैद्याच्या करते. या मिठाच्या पिठाचं प्रमाण अगदी साधं आहे: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि पाऊण ते एक वाटी पाणी. पाऊण वाटी एकदम ओतते, उरलेलं चमच्या-चमच्याने. मीठ जाडं असेल तर खडे पुरते विरघळत नाहीत आणि वाळल्यावर पृष्ठभाग पुरळ आल्यासारखा दिसतो. मैद्यात आधीच बेकिंग पावडर मिसळलेली असेल तर तो इथे उपयोगाचा नाही, आकार फुगून बेढब होतात. गोळा सात-आठ मिनिटं चांगला मळते. चिमटीत दाबल्यावर कडेला भेगा पडल्या तर पाणी कमी, बोटाला चिकटला तर जास्त. चिकटणाऱ्या गोळ्यात आणखी मैदा घालून काम भागतं. भेगा पडणारा गोळा मात्र तसाच लाटला तर त्या भेगा ओव्हनमध्ये रुंदावतात, तेव्हा ओला हात लावून तो पुन्हा मळावाच लागतो.

लाटताना जाडी पाच मिलिमीटर. तीनवर आलं की तुकडा वाळताना कडांनी वर वळतो, आठवर गेलं की आतून ओला राहतो. मी गोळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन सारख्या पट्ट्या ठेवते आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवते. त्यामुळे जाडी आपोआप सारखी येते. लाटायचं थेट बेकिंग पेपरवर, आकार तिथेच कापायचे आणि भोवतालचं पीठ काढून घ्यायचं. कापलेली चांदणी उचलून दुसरीकडे ठेवायला गेलं की तिचे पाय लांबतात. भोक पाडायला स्ट्रॉ, कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत. वाळताना भोक थोडं आवळतं, म्हणून सुईचं भोक पुरत नाही. एवढ्या पिठात सहा सेंटिमीटरचे साधारण तीस तुकडे होतात.

ओव्हन शंभर ते एकशेदहा अंशांवर, अडीच ते तीन तास, दर पाऊण तासाने उलटत. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लवकर व्हावं म्हणून तापमान दीडशेवर नेलं की वरची साल आधी कडक होते, आतल्या पाण्याची वाफ तिच्याखाली अडकते आणि चांदणीच्या पोटावर फोड येतो. तो दाबून बसवता येत नाही, तडकतो. ओव्हन नसेल तर कोरड्या हवेत जाळीवर दोन-तीन दिवस, उलटत राहून. वाळल्याची परीक्षा नखाने करायची: मागच्या बाजूने मधोमध टिचकी मारली की टक्क असा टणक आवाज यायला हवा. आवाज बद्द आला तर अजून अर्धा तास. ओव्हन बंद केल्यावर तुकडे आतच थंड होऊ देते.

रंग ॲक्रिलिकच घ्यावेत. पाण्यात विरघळणारे रंग जास्त ओले लावले की पृष्ठभागाचं मीठ सुटतं आणि रंगावर पांढरट पापुद्रा येतो. त्यावर वॉर्निशचे दोन पातळ हात. समोर, मागे, कडांना आणि भोकाच्या आतसुद्धा. हे भोक बहुतेक जण विसरतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं, त्यामुळे जिथे लेप नाही तिथून तुकडा मऊ पडतो. आणि ओलसर तुकड्याला वॉर्निश लावणं म्हणजे ओलावा आत कोंडणं. घरात कुत्रा असेल तर हे तुकडे त्याच्या तोंडाला लागणार नाहीत इतके उंच टांगावेत. इतकं मीठ पोटात जाणं त्याच्या जिवावर बेतू शकतं.

संत्र्याच्या चकत्या त्याच ओव्हनमध्ये, पण पिठासोबत नाही, कारण त्यांची वाफ पिठाचं वाळणं लांबवते. चकती पाच-सहा मिलिमीटरची, दोन्ही बाजूंनी कापडाने टिपलेली, नव्वद ते शंभर अंश, चार तासांच्या आसपास. ओव्हनचं दार बोटभर उघडं ठेवलं की वाफ बाहेर पडते. तापमान वाढलं तर रसातली साखर करपते आणि खिडकीच्या उजेडात जो केशरी काचेसारखा रंग दिसायला हवा, तो तपकिरी होतो. गर बोटाला जरासाही चिकटला तर चकती झालेली नाही, तिलाच पुढे बुरशी येते. दोरा ओवायचं भोक चकती लवचीक असतानाच दाभणाने पाडावं. कडक झाल्यावर ती फुटते.

या मधल्या तासांत कागदाचे हिमकण होतात. पंधरा सेंटिमीटरचा चौकोन, साधा सत्तर-ऐंशी जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद. जाड कार्डपेपर इथे हट्टाने वापरू नये. कोपऱ्यावर कोपरा आणून त्रिकोण करायचा, लांब बाजू खाली, तिच्या मध्यावर खूण. त्या खुणेपासून उजवी बाजू तिरकी वर दुमडायची, डावी तिच्यावर, अशा की तिन्ही भाग साठ अंशांचे होऊन कडा तंतोतंत जुळतील. घडीवर नख फिरवण्याआधी हे जुळवून घ्यावं. मग पुन्हा अर्धी घडी. आता कागदाचे बारा थर आणि तीस अंशांचं टोक. नुसतं अर्ध्यात अर्धं दुमडत गेलं तर आठ पाकळ्या येतात आणि ते फूल दिसतं. बर्फाच्या स्फटिकात पाण्याचे रेणू षट्कोनी रचनेत बसतात, म्हणून खरा हिमकण सहा पाकळ्यांचा. खगोलशास्त्रज्ञ केपलरने हाच सहाचा प्रश्न घेऊन १६११ साली लेख लिहिला आणि तो आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून दिला. तेव्हा सुट्टीच्या सजावटीत आठ पाकळ्या शोभत नाहीत!

वरची शेपटं तिरकी छाटली की पाकळ्यांना टोक येतं. बाजूंच्या घड्यांवर खाचा पाडताना प्रत्येक घडीचा निदान तिसरा भाग शाबूत ठेवायचा, नाहीतर उलगडताना हातात तुकडे येतात. कात्री स्थिर ठेवून कागद फिरवावा. थर सरकू नयेत म्हणून घडीला क्लिप लावते. उलगडलेला हिमकण दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून मंद इस्त्री, वाफ बंद.

पाइनचे शंकू मिळाले तर नव्वद अंशांवर अर्धा-पाऊण तास, जवळ बसून. खवले उघडतात, किडे मरतात. दमट हवेत ते पुन्हा मिटतात, त्याला इलाज नाही. या सगळ्याजवळ मेणबत्ती नको, एलईडीची माळ लावावी.

उतरवल्यावर मिठाचे तुकडे एकेक करून टिश्यूत गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात. चकत्यांचा डबा वेगळा.