लिंकच्या ओळीतला क्रम

शिबिराच्या पहिल्या सकाळी प्रत्येकाने आपण कोणते काम हाती घेणार ते चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवायचे होते. माझी चिठ्ठी मनात आधीच तयार होती: एकाच सोर्सपासून, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ लिखित रूपापासून, दोन यंत्रांवर बनणाऱ्या फाइली वेगवेगळ्या का निघतात, याचा छडा लावायचा. ज्या प्रोग्रामबद्दल हा प्रश्न होता त्याचे मेन्टेनर, म्हणजे तो सांभाळणारे गृहस्थ, माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसले होते. दोन वर्षे आम्ही एकमेकांना फक्त लेखी ओळखत होतो, आणि ती ओळख कडवट होती. मी तक्रार नोंदवायची, त्यांनी ‘माझ्याकडे असे घडत नाही’ एवढे लिहून ती बंद करायची, मी ती पुन्हा उघडायची, असे तीनदा झाले होते. तिसऱ्या वेळी मी जे शब्द वापरले होते ते त्या खोलीत मोठ्याने वाचण्याची माझी छाती झाली नसती.

हा प्रोग्राम दस्तऐवजाचे स्वरूप ओळखून त्यातला मजकूर बाहेर काढतो. तो दहा वर्षांहून अधिक काळ एकाच माणसाने सांभाळला आहे आणि इतर अनेक प्रोग्राम त्यावर अवलंबून आहेत. माझे काम त्याचे बिल्ड करून, म्हणजे सोर्सपासून यंत्रावर चालणारी फाइल (बायनरी) बनवून, ते इतरांना वापरायला देण्याचे. मुक्त स्रोत म्हटले की सोर्स सर्वांसमोर उघडा असतो हे खरे, पण वापरणारा सोर्स चालवत नाही; तो कोणीतरी बनवून दिलेली बायनरी चालवतो. ती बायनरी त्याच सोर्सपासून बनली आहे, मध्ये कोणी हात घातलेला नाही, हे तपासायचे कसे? युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी १९८४ साली दाखवून दिले होते की सोर्सची बायनरी बनवणाऱ्या कंपायलरमध्येच छुपी वाट पेरली तर सोर्स कितीही वाचला तरी ती दिसणार नाही. त्यावरचा व्यवहार्य उपाय असा की, परस्परांशी संबंध नसलेल्या अनेकांनी स्वतंत्रपणे बिल्ड करावे आणि सर्वांच्या हाती बाइट-न्-बाइट तीच फाइल यावी. एकाची फाइल जरी वेगळी निघाली तरी चौकशीला कारण मिळते. मात्र फाइली मुळातच प्रत्येक वेळी वेगळ्या निघत असतील, तर खरी छेडछाड त्या गोंधळात सहज लपून जाते. म्हणून मला हा फरक बारीकसारीक वाटत नव्हता, आणि त्यांना तो तसा वाटतो या समजुतीने मी चिडले होते.

अशा शिबिरात भाषणे नसतात. लोक लॅपटॉप घेऊन लांब टेबलांभोवती बसतात, ज्याच्याशी अडले आहे त्याच्या शेजारी जाऊन बसतात आणि काम करतात. ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या दहा विकासकांनी जून १९९९मध्ये कॅनडात कॅल्गरी येथे असेच एकत्र बसून काम केले होते. सांकेतिकीकरणाच्या सॉफ्टवेअरवर अमेरिकेचे निर्यातनिर्बंध असल्यामुळे ते काम अमेरिकेबाहेर करणे भाग होते. ‘हॅकेथॉन’ हा शब्द तिथूनच रूढ झाला. पुढे त्या शब्दाला स्पर्धेचा आणि बक्षिसाचा वास लागला. आमच्या शिबिरात तसे काही नव्हते. रोज सकाळी प्रत्येकाने मिनिटभर बोलायचे, एवढाच नियम.

मी उठून त्यांच्याकडे जावे की नाही याचा विचार करत होते, तेवढ्यात तेच लॅपटॉप उचलून माझ्या टेबलाशी आले. ‘तुमची चिठ्ठी वाचली. दोन्ही यंत्रे शेजारी ठेवू या,’ एवढेच ते म्हणाले.

नेहमीची कारणे आम्ही तासाभरात निकालात काढली. बिल्डची तारीख फाइलीत उतरू नये म्हणून ‘सोर्स डेट इपॉक’ हे चल (व्हेरिएबल) दोघांकडे एकाच आकड्यावर ठेवले. डिरेक्टरीचा मार्ग बायनरीत शिरू नये म्हणून कंपायलरला तसा पर्याय दिला. टाइमझोन आणि लोकेल (भाषा-प्रदेशाची मांडणी) सारखे केले. कंपायलर आणि लायब्ररी यांच्या आवृत्त्या आम्ही पूर्वीच जुळवल्या होत्या. माझी प्रणाली जुनी असली तरी त्यांच्या आवृत्तीचा कंपायलर मी तिच्यावर मुद्दाम वेगळा बसवला होता. तरीही हॅश, म्हणजे फाइलीतल्या बाइटांवरून निघणारा तिचा ठसा, जुळेना. दोन फाइली एकेक थर उलगडून त्यांतला फरक दाखवणारे डिफोस्कोप हे साधन चालवले, तर हजारो ओळींचा फरक समोर आला, कारण जवळजवळ प्रत्येक फंक्शनचा पत्ता सरकलेला होता. इतका मोठा फरक पाहिला की माणूस मोठे कारण शोधू लागतो. आम्हीही दुपारपर्यंत तेच करत राहिलो.

डिरेक्टरीतल्या फाइलींच्या क्रमाचा संशय मला पूर्वीपासून होता. ऑपरेटिंग सिस्टिमला एखाद्या डिरेक्टरीत काय आहे असे विचारले, तर ती नावे कोणत्या क्रमाने देईल याची हमी नसते. मी तसे लिहिलेही होते. त्यावर त्यांनी माझ्यासमोर आपल्या यंत्रावर डिसऑर्डरएफएस चालवून दाखवले. ही फाइल-प्रणाली नावे हेतुपुरस्सर उलटसुलट क्रमाने देते. त्यांनी दोनदा बिल्ड केले आणि दोन्ही वेळा हॅश अगदी तोच आला. ‘हे मी तेव्हाच करून पाहिले होते,’ ते म्हणाले. माझा संशय त्यांनी न तपासताच झटकला असे मी दोन वर्षे धरून चालले होते. त्यांनी तो तपासला होता. तपासल्याचे लिहिले मात्र नव्हते.

मग मी माझ्या यंत्रावर मेकफाइलमधला, म्हणजे बिल्डच्या सूचना असलेल्या फाइलीतला, आज्ञा लपवणारा भाग काढून टाकला. एरवी पडद्यावर ‘लिंक’ एवढाच शब्द उमटायचा. आता तुकडे जोडून एक बायनरी करणाऱ्या लिंकरला दिलेली पूर्ण ओळ दिसू लागली. त्यांनीही तेच केले. दोन पडदे हातभर अंतरावर होते. त्यांच्या ओळीत फाइलींची नावे इंग्रजी वर्णक्रमाने ओळीने लागलेली होती, माझ्या ओळीत ती विस्कटलेली होती. आमच्या एवढ्या पत्रव्यवहारात ही एक ओळ कोणीही कोणाला दाखवली नव्हती. पूर्ण लॉग मागायचा म्हणजे एक दिवस वाट पाहायची, आणि वाद रंगलेला असताना समोरच्याकडे काही मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवण्यासारखे वाटते. म्हणून जेवढे विचारले तेवढेच चिकटवायचे, अशी दोघांनाही सवय झाली होती.

पण त्यांच्याकडे विस्कटलेल्या डिरेक्टरीतूनही क्रम नीट कसा लागत होता? याचे उत्तर पलीकडच्या टेबलावरच्या एका बाईंनी दिले. त्या बिल्डची साधने पॅकेज करण्याचे काम करतात. त्यांनी विचारले, ‘दोघांकडे मेक कोणते आहे?’ मेक म्हणजे मेकफाइल वाचून बिल्ड चालवणारे साधन. माझ्याकडे ग्नू मेक ४.२.१ होते, त्यांच्याकडे ४.३. मेकमधले फाइलींची नावे गोळा करणारे ‘वाइल्डकार्ड’ हे फंक्शन २०१०च्या ३.८२ या आवृत्तीपासून नावे क्रमाने लावेनासे झाले होते आणि २०२०मध्ये आलेल्या ४.३पासून ती पुन्हा क्रमाने लावू लागले. मेक स्वतः काही घडवत नाही, दुसऱ्यांना कामाला लावतो, म्हणून जुळवायच्या आवृत्त्यांच्या यादीत त्याचे नाव लिहायचे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचले नव्हते.

इथे काम संपले असे मला वाटले. मेकफाइलमध्ये एक ‘सॉर्ट’ घातला की झाले. ते मात्र गप्प होते आणि माझ्या पडद्यावरच्या ओळीवर बोट फिरवत होते. ‘झिप पहिली आहे,’ ते म्हणाले.

त्याचा अर्थ लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. या प्रोग्राममध्ये प्रत्येक स्वरूपासाठी एक स्वतंत्र फाइल आहे, आणि मुख्य प्रोग्राम सुरू होण्यापूर्वी ती आपली नोंद आपोआप करते. नोंदीचा क्रम लिंकच्या क्रमावर ठरतो, आणि दस्तऐवज समोर आला की त्याच क्रमाने प्रत्येकाला ‘हा तुझा का?’ असे विचारले जाते. जो पहिला हो म्हणेल तो दस्तऐवज त्याचा. आता डॉक्स, ओडीटी आणि ईपब ही तिन्ही स्वरूपे मुळात झिप संग्रहच असतात आणि त्यांची सुरुवात त्याच दोन अक्षरांनी होते. झिपला आधी विचारले तर ती प्रत्येकाला हो म्हणणार आणि आतल्या मजकुरापर्यंत कोणी पोहोचणारच नाही. वर्णक्रमात झेड शेवटी येतो, म्हणून त्यांच्या यंत्रावर झिपला सर्वांत शेवटी विचारले जात होते. प्रोग्राम बरोबर चालत होता तो केवळ इंग्रजी मुळाक्षरांच्या कृपेने.

बंद झालेल्या तक्रारी त्यांनी तिथेच चाळायला घेतल्या. ‘माझा दस्तऐवज संग्रह म्हणून ओळखला जातो’ अशा आशयाच्या सात तक्रारी सापडल्या, आणि सातही ‘माझ्याकडे असे घडत नाही’ या एकाच वाक्यावर बंद झालेल्या होत्या. सर्वांत जुनी सहा वर्षांपूर्वीची होती. ते प्रत्येक तक्रार सावकाश, शेवटपर्यंत वाचत होते. मी बायनरीतल्या फरकाच्या मागे इतकी लागले होते की त्या बायनरीला एखादा दस्तऐवज देऊन पाहावे असे मला दोन वर्षांत एकदाही वाटले नव्हते.

दुरुस्तीवर आमचे एकमत व्हायला बराच वेळ लागला. मेकफाइलमध्ये क्रम लावून मोकळे व्हावे असे त्यांचे म्हणणे. उद्या कोणी फाइलीचे नाव बदलले की हाच दोष परत येईल असे माझे. सर्व स्वरूपांची एक यादी हाताने लिहावी असे मी सुचवले. नवे लोक यादीत नाव घालायला विसरतात, हे त्यांनी पूर्वी घडलेली उदाहरणे काढून दाखवले, आणि ते बरोबर होते. शेवटी दोन्ही गोष्टी केल्या: मेकफाइलमध्ये क्रम लावला, शिवाय प्रत्येक नोंदीसोबत अग्रक्रमाचा आकडा अनिवार्य केला. फाइली मुद्दाम उलट क्रमाने लिंक करून दस्तऐवज तरीही बरोबर ओळखला जातो का, हे पाहणारी चाचणी मी लिहिली. पहिल्यांदा ती नापास झाली, कारण ईपबचा आकडा चुकीचा पडला होता.

संध्याकाळी सगळ्यांच्या बोलण्यात एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या साधनाचा विषय निघाला. मार्च २०२४मध्ये सॉफ्टवेअर अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर जाणवला, त्याच्या मागावर ते गेले आणि एक्सझेडमध्ये पेरलेली छुपी वाट उघड झाली. आमच्यासारख्या पडताळणीने ती सापडली नसती, हे कोणीतरी स्पष्ट सांगितले आणि ते खरे आहे: बदल प्रकाशित केलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यातच होता, त्यामुळे कोणीही बिल्ड केले असते तरी सर्वांची बायनरी सारखीच बिघडलेली निघाली असती. त्या प्रकरणात थकलेल्या एकट्या मेन्टेनरवर आधी संदेशांचा दबाव आणला गेला होता: काम हळू चालले आहे, दुसऱ्या कोणाला तरी अधिकार द्या. मी लॅपटॉप उघडून माझी तिसरी तक्रार पुन्हा वाचली. तिच्यातली दोन वाक्ये जवळजवळ तशीच होती. माझा हेतू निराळा होता, पण वाचणाऱ्याला तो कशावरून कळावा? मी त्यांच्याजवळ जाऊन हे बोलले. ते म्हणाले की त्या आठवड्यात त्यांनी प्रकल्प सोडून देण्याचे पत्र लिहून ठेवले होते.

रात्री दोन्ही यंत्रांवर स्वच्छ डिरेक्टरीत नव्याने बिल्ड केले. हॅशची पहिली आठ अक्षरे जुळली तेव्हा मी थांबणार होते, पण त्यांनी चौसष्टही अक्षरे वाचून दाखवायला लावली. मी वाचत गेले आणि ते आपल्या पडद्यावर बोट ठेवून तपासत गेले.

त्यानंतर त्यांनी सातही तक्रारदारांना स्वतंत्र उत्तरे लिहिली, कारण समजावले आणि उशिराबद्दल क्षमा मागितली. सहा वर्षांपूर्वीच्या त्या तक्रारदाराला अजून या प्रोग्रामची गरज असेल का, असे त्यांनी मला विचारले. ते सांगणे शक्य नव्हते. माझी तक्रार त्यांनी शेवटी उघडली. तिच्याखाली त्यांनी जुन्या मेकवर तोच दोष स्वतः घडवून पाहिल्याची नोंद केली, दुरुस्तीचा दुवा दिला, आणि ती बंद करण्यासाठी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.