गाळतळे भरले, तरी ओढा गढूळच

सकाळचा जोरदार पाऊस ओसरला आणि थोड्याच वेळात मुकादमाचा फोन आला. वाहून येणारा गाळ खाली बसावा म्हणून खणलेले गाळतळे काठोकाठ भरले होते, बांधही शाबूत होता, तरीही खालच्या ओढ्याला विटकरी पाणी लागले होते. उतारावरची चार हेक्टर जमीन सलग मोकळी करून तिथे नव्या वसाहतीचे काम सुरू झाले होते आणि तिथल्या पावसाळी पाण्याच्या व्यवस्थेची तपासणी माझ्याकडे होती. मी पोहोचताच मुकादमाने विचारले, “मॅडम, सगळं नकाशाप्रमाणे केलंय, मग पाणी गढूळ का?” त्याचा प्रश्न रास्त होता, कारण गाळतळे, हद्दीवरची गाळ अडवणारी कापडी कुंपणे आणि पावसाळी गटारे, असे सगळे जागेवर होते.

तळ्यातून बाहेर पडणारे पाणी मी काचेच्या बाटलीत भरून ठेवले. थोडीशी वाळू लगेच तळाशी बसली, पण वरचे पाणी तसेच गढूळ राहिले, आणि मुकादमाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या बाटलीतच होते. कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात मीटरभर खाली जायला सुमारे दोन मिनिटे घेतो, तर २ मायक्रॉनच्या, म्हणजे ०.००२ मिलिमीटरच्या, चिकणमातीच्या कणाला त्याच अंतरासाठी तीन दिवसांहून अधिक वेळ लागतो. त्या तळ्यात पाणी काही तासच थांबत होते. म्हणजे तळे आपले काम चोख करत होते, पण ते काम वाळू अडवण्याचे होते. ओढ्याला खरा त्रास देते ती चिकणमाती, कारण तिला चिकटून फॉस्फरस वाहत जातो, माशांचे कल्ले तिने भरतात आणि तळाच्या खड्यांमधली अंडी तिच्या थराखाली गुदमरतात.

उरलेले उत्तर उताराच्या वरच्या टोकाला सापडले. शेजारच्या गवताळ टेकडीवरून जवळजवळ नितळ पाणी एका सखल जागेतून आमच्या हद्दीत शिरत होते आणि उघड्या मातीवरून संपूर्ण उतार पार करत तळ्यापर्यंत जाताना विटकरी होत होते. हे पाणी वरच्या वर बाजूला वळवणारा चर आराखड्यात होता, पण कामाच्या क्रमात तो अंतर्गत रस्त्यांनंतर ठेवलेला होता. शिवाय बांधकाम फक्त एका कोपऱ्यात सुरू असताना झाडोरा मात्र चारही हेक्टरांवरचा काढून टाकला होता. २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर एवढ्या जमिनीवर १० लाख लिटर पाणी पडते. गवत असते, तर त्यातले बरेचसे जागीच जिरले असते. उघड्या मातीवर मात्र थेंबांच्या माऱ्याने वरचा थर फुटतो, बारीक कणांनी छिद्रे बुजतात आणि पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन धावते.

परत उतरताना आणखी एक गोष्ट दिसली आणि तिची मला गढूळपणाहून अधिक धास्ती वाटली. काँक्रीटचे मिक्सर धुतलेले पांढुरके पाणी थेट गटाराच्या जाळीत जात होते आणि ते गटार तळ्याला वगळून ओढ्याला मिळत होते. सामू (pH) तपासायची पट्टी बुडवली, तर आकडा १२ च्या वर गेला, म्हणजे पाणी तीव्र अल्कधर्मी होते. असे पाणी पातळ होण्याआधी ओढ्यात पोहोचले, तर मासे मरतात, आणि गाळासारखे ते दुरून ओळखूही येत नाही. ते धुणे मी त्याच क्षणी थांबवायला लावले आणि प्लास्टिकचे अस्तर घातलेला वेगळा खड्डा खणून घेतला.

दुपारच्या बैठकीत कंत्राटदाराने तळ्यात तुरटी टाकण्याचा उपाय सुचवला. तुरटीने बारीक कण एकत्र येऊन खाली बसतात हे खरे आहे, पण मात्रा चुकली की तीच ओढ्याला बाधते, आणि वरून रोज नवी माती येत असताना हा खर्च संपणारा नव्हता. माती एकदा पाण्यात मिसळली की तिला वेगळे करणे अवघड आणि महाग, म्हणून ती जागची सुटूच नये यावर मी ठाम राहिले. अखेर चर सर्वांत आधी खणायचा आणि त्याच्या तोंडाशी दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, करायचे, काम नसलेल्या भागावर गवताचे बी पेरून वर पेंढा पसरायचा आणि तळ्याचे पाणी तळातून नव्हे, तर तरंगत्या तोंडाच्या नळीने पृष्ठभागावरून सोडायचे, असे ठरले. पुढच्या मोठ्या पावसात तळ्यात येणारे पाणीच कमी झाले आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रंग स्पष्टपणे फिका झाला. ते नितळ झाले असे मात्र मी म्हणणार नाही.

त्या भेटीत एक बाब मी अहवालात स्वतंत्र अट म्हणून लिहिली. भविष्यातल्या वाहनतळाचे तेलकट पाणी गाळून जमिनीत मुरवण्यासाठी खडीचा लांब चर आधीच तयार करून ठेवला होता आणि त्या एका पावसात त्याच्या वरच्या थरात चिकणमाती बसली होती. एकदा पोकळ्या बुजल्या की असा चर वरून धुऊन मोकळा होत नाही, सगळी खडी काढून पुन्हा भरावी लागते. म्हणून वरचा संपूर्ण उतार गवताने किंवा फरसबंदीने झाकला जाईपर्यंत तो चर पुन्हा खडीने भरायचा नाही आणि त्याकडे पाणीही वळवायचे नाही, अशी ती अट होती. कंत्राटदाराने नाराजीनेच सही केली, पण केली.