रिकी हेंडरसन : नुसते पाय नव्हे, डोकं पण

बेसबॉल म्हटलं की आमच्या बेळगावात "ते अमेरिकेचं क्रिकेट काय?" इथंच विषय संपतो. खरं बेस चोरण्यात सगळ्यात पुढं असलेला अमेरिकेचा बेसबॉल खेळाडू रिकी हेंडरसन, त्याचे जुने व्हिडिओ बघाच एकदा, शाळेत खो-खो खेळलेल्यांनी तर नक्की.

बेस म्हणजे धावताना गाठायचे मैदानातले चार टप्पे. पहिल्या बेसवर पोचलेला गडी पिचरवर (बॉल टाकणाऱ्यावर) नजर ठेवून हळूच चार पावलं पुढं सरकतो, पिचर बॅटरकडं बॉल टाकायला वळला रे वळला की दुसऱ्या बेसकडं सुटायचं, अंतर 90 फूट, बॅटरमागच्या कॅचरचा थ्रो यायच्या आत पोचलं तर बेस चोरला, नाहीतर आऊट. रिकीने सगळ्या करिअरमध्ये असे 1406 बेस चोरले, दोन नंबरवर लू ब्रॉक, 938! सुटायच्या आधी गुडघ्यात वाकून उभा, हात खाली सोडलेले, बोटं सारखी वळवळतायत आणि डोळे पिचरच्या पायावर. मग एकदम सुसाट, आणि शेवटी पोटावर आडवा, डोकं पुढं करून धुळीत झेप. आपला खो-खोवाला पण पाठलाग करणाऱ्याचा खांदा बघूनच हूल देतो की, तसंच हे.

1982 ला अमेरिकेतल्या ओकलंडच्या टीमकडून एका सीझनमध्ये 130 चोरले, त्याच सीझनमध्ये 42 वेळा पकडला पण गेला, तोही रेकॉर्डच 😄 मला हा दुसरा आकडा जास्त आवडतो, पकडला गेला म्हणून गडी थांबला नाही.

सकाळी व्हॅक्सीन डेपोवर पळायला येणाऱ्या एका मित्राला 1991 चा व्हिडिओ दाखवला, ब्रॉकचा रेकॉर्ड मोडल्यावर रिकी बेस उपटून डोक्यावर धरतो आणि माईकवर सांगतो की आज मीच सगळ्यात भारी, आणि ब्रॉक तिथंच हजर! मित्र म्हणाला, "लई माज की गा ह्याला."

माज होताच, नाही कशाला म्हणू. 2001 मध्ये टाय कॉब ह्या जुन्या खेळाडूचा करिअरमधल्या रनांचा रेकॉर्ड होमरनने (बॉल थेट मैदानाबाहेर) मोडला, म्हणजे आरामात चालत आला असता तरी चाललं असतं, तरी पठ्ठ्याने होम प्लेटवर, म्हणजे शेवटच्या बेसवर, घसरत स्लाइड मारलीच. खरं मोठ्या लीगमधलं 2003 ला संपल्यावर हाच माणूस 46 व्या वर्षी, 2005 ला, सॅन डिएगोच्या एका छोट्या लीगच्या टीमकडून खेळत होता, हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधल्या मोठ्या खेळाडूंना मिळणारा मान, अजून चार वर्षं लांब होतं. नुसता माज असता तर तिथं कशाला गेला असता गा?