अर्धा मार्क

शाळेत ध्वनिदर्शक शब्दांचा प्रश्न हमखास यायचा. वाघाची डरकाळी, सिंहाची गर्जना, कोल्ह्याची कोल्हेकुई. सगळं पाठ होतं, पण गर्जना कानावर पडली ती ‘टॉम अँड जेरी’ सुरू होण्याआधी. सोनेरी पट्टीच्या गोलातून एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीचा सिंह तोंड उघडायचा आणि आतून आजी ओरडायची, “आवाज कमी कर गं!”

परवा मावशीने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. पट्ट्यांनी जखडलेला सिंह, खाली रडकी इमोजी आणि मजकूर: ‘एमजीएमच्या बोधचिन्हासाठी असं शूट करायचे बिचाऱ्याला!’ तो सिंह खरं तर इस्रायलमधला, सीटी स्कॅनसाठी टेबलावर आडवा केलेला. म्हणून मी तिला उत्तरादाखल १९२८चा खरा फोटो पाठवला. कृष्णधवल. चौथऱ्यावर सिंह, समोर तिकाटण्यावर कॅमेरा, शेजारी आवाज टिपायचा सरंजाम आणि दोन माणसं. मध्ये गज नाहीत. सकाळी निघताना या दोघांनी घरी काय सांगितलं असेल कोण जाणे.

सिंहाचं नाव जॅकी. (आपल्या डोळ्यांसमोर भलताच जॅकी येतो, त्याला इलाज नाही.) त्याच्याआधी स्लॅट्स होता, १९१९मध्ये डब्लिनच्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेला. १९२४ला कंपनी उभी राहिली तेव्हा तिच्या बोधचिन्हात तो आला. पण जमाना मूकपटांचा. स्लॅट्सने नुसतं इकडेतिकडे बघायचं, बस्स. पुढे पडद्याला वाचा फुटली आणि नोकरी जॅकीला लागली. सुरुवातीला त्याची गर्जना थिएटरात ग्रामोफोनच्या तबकडीवरून ऐकवत. टॉम-जेरीवाला टॅनर त्याच्याही नंतरचा, रंगीत चित्रपटांसाठी घेतलेला.

गंमत पुढेच आहे. १९८०च्या दशकात मार्क मँजिनी या ध्वनिकाराने ती गर्जना नव्याने बनवली. सिंहाचा आवाज त्याला पुरेसा भीतिदायक वाटेना, म्हणून त्याने वाघांचे आवाज वापरले. म्हणजे तोंड सिंहाचं, डरकाळी वाघाची! आमच्या बाईंनी अर्धा मार्क नक्की कापला असता.

हे सगळं मी मावशीला सविस्तर लिहून कळवलं. तासाभराने तिचं उत्तर आलं:

“ते राहू दे. त्या दोघांपैकी पळायला जवळ कोण बसलाय?”

मी फोटो पुन्हा मोठा करून बघितला. कॅमेरावाल्याचं काही खरं नव्हतं.