ताटाची डावी बाजू

आण्णांनी ताटात ठेचा ठेवला ना, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. मार्चमध्ये साताऱ्यात पोवई नाक्याजवळ गाडीवरनं पडले, हेल्मेट नव्हतं (आता बोलून उपयोग नाही), डोक्याला उजवीकडं मार बसला. पंधरा दिवसांनी घरी आले तेव्हा बोलणं ठीक, जुन्या आठवणी तर टकाटक, पण जेवताना भाजी, आमटी संपवायचे आणि डावीकडची कोशिंबीर, लिंबू, ठेचा जसंच्या तसं. आईला वाटलं तोंडाची चव गेली. एकदा मी नुसतं ताट फिरवलं तर म्हणाले, "ठेचा कधी वाढलास गं?" आणि चाटूनपुसून खाल्ला.

डोळे तपासले तर बरे निघाले. मग मेंदूच्या डॉक्टरांनी कागदावर आडवी रेघ मारली, म्हणाले मधोमध खूण करा, तर यांची खूण पार उजव्या टोकाकडं. मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला की कधीकधी असं होतं म्हणे, डोळ्याला दिसतं पण डाव्या बाजूकडं लक्षच जात नाही, याला निग्लेक्ट म्हणतात. आणि आपलं काही सुटतंय हेच त्या माणसाला कळत नाही, त्यामुळं सांगायला गेलं की आपल्यावरच चिडतात.

मग मी रात्र रात्र वाचत बसले. 1978 मध्ये इटलीत बिसियाक आणि लुझाट्टी या दोघांनी अशाच पेशंटना मिलानच्या कॅथेड्रलसमोरचा चौक डोळ्यासमोर आणायला सांगितला होता, तर त्यांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. मग म्हणाले आता पलीकडनं, कॅथेड्रलच्या बाजूनं बघताय असं समजा, तर मगाशी सुटलेल्या इमारती आल्या आणि आधीच्या गायब! म्हणजे आठवण पुसलेली नसते, तिच्या डाव्या बाजूकडं मन वळत नाही एवढंच.

मला कुठं राहवतंय. म्हटलं आण्णा, पोवई नाक्यावरनं राजवाड्याकडं तोंड करून उभे आहात, काय काय दिसतंय? मित्राचं मेडिकल सांगितलं, त्याच्या शेजारचं सांगितलं, डावीकडच्या अजिंक्यताऱ्याचं नाव नाही. अख्खा किल्ला हो! मग म्हटलं आता राजवाड्याकडनं नाक्याकडं बघा, तर पहिलाच शब्द अजिंक्यतारा, आणि मेडिकल गेलं. अंगावर काटा आला माझ्या.

आता पेपरच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवतो, ती दिसेपर्यंत मान वळवायची आणि मगच ओळ वाचायची. आज्जीचं रोज चालू असतं, पोराला ठेचा उजवीकडं वाढा की गं. पण फिजिओच्या मॅडम म्हणाल्यात, डावीकडंच ठेवा, शोधू दे त्यांना.